ओरॅकलचं एसक्यूएल पोस्टग्रेसवर नेताना: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणावरून सविस्तर मार्गदर्शक

गोव्यात पतसंस्था, हॉटेलं, घाऊक विक्रेते यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या कंपन्यांना कधी ना कधी ओरॅकल या डेटाबेससाठी लिहिलेलं एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेण्याचं काम अंगावर घ्यावं लागतं. ओरॅकलच्या परवान्याचा खर्च ग्राहकाला जड जातो, पोस्टग्रेस फुकट आणि भक्कम आहे, आणि समोर वर्षानुवर्षं साचलेला एसक्यूएल कोड असतो. तो बदलून द्यायचा असतो.

या कामात सगळ्यात महाग पडते ती एक समजूत: बदललेला कोड चालला, म्हणजे काम झालं. पोस्टग्रेसवर एरर देणाऱ्या कोडची फार काळजी करू नका, तो स्वतःच हात वर करतो. निमूटपणे चालून वेगळं उत्तर देणारा कोड मात्र सहा महिन्यांनी ऑडिटमध्ये सापडतो, आणि तोवर चुकीचं व्याज लोकांच्या पासबुकात छापून गेलेलं असतं. म्हणून पहिल्या प्रकारच्या कोडवरून मी भराभर पुढे जाणार आहे आणि दुसऱ्यावर थांबणार आहे. उदाहरणासाठी फोंड्यातली एक पतसंस्था डोळ्यांपुढे धरू: सभासद, मुदत ठेवी, कर्जाचे हप्ते, रोजची पिग्मी (एजंटमार्फत गोळा होणारी छोटी ठेव), रात्रीचं डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद करणं).

पायरी १: एसक्यूएल कुठे कुठे आहे, ते शोधा

प्रोसिजर, ट्रिगर आणि व्ह्यू ओरॅकलच्या डेटा डिक्शनरीतून सहज मोजता येतात. ओरा-टू-पीजी हे मुक्त साधन त्यांचा अहवाल काढून देतं आणि बदलाला साधारण किती श्रम लागतील याचा अंदाजही देतं. तो अहवाल पहिल्याच दिवशी काढा. पण त्याला दिसतं ते फक्त डेटाबेसच्या आतलं. जावा किंवा डॉटनेटच्या कोडमध्ये जोडाजोड करून बनवलेल्या क्वेऱ्या, रिपोर्टच्या फायलींत दडलेल्या क्वेऱ्या, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि शाखेतल्या एखाद्या हुशार लिपिकाने एक्सेलमधून थेट जोडलेली क्वेरी यांतलं त्याला काहीच दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे चालू ओरॅकलमध्ये प्रत्यक्ष येणारी विधानं काही काळ गोळा करत राहणं. निदान एक महिनाअखेर त्यात आली पाहिजे. ३१ मार्चची व्याज आकारणी आणि लाभांशवाटप वर्षातून एकदाच चालतं, त्यामुळे तो कोड वेगळा शोधून यादीत घाला. नेमका तोच सगळ्यात जुना आणि सगळ्यात गुंतागुंतीचा असतो.

पायरी २: निम्मं काम ओरॅकलवरच उरका

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त श्रम हीच वाचवते.

ओरॅकल १९७९ पासून बाजारात आहे आणि एसक्यूएलचं पहिलं अमेरिकन मानक आलं १९८६ मध्ये. केस (अटीप्रमाणे किंमत निवडणं), कोॲलेस (नल, म्हणजे काहीच न भरलेल्या जागी, दुसरी किंमत देणं) आणि लेफ्ट जॉइन (जोडीदार नसलेल्या ओळीही राखून टेबलं जोडणं) यांची आजची मांडणी तर १९९२ च्या मानकात आली. तोवर ओरॅकलने याच कामांसाठी आपल्या सोयीने डीकोड, एनव्हीएल आणि कंसातल्या अधिक-चिन्हाचा जॉइन रूढ केला होता. पुढे ओरॅकलनेही मानक रूपं स्वीकारली. म्हणजे आज एकच विधान दोन्हीकडे चालेल असं लिहिता येतं.

तेव्हा चालू ओरॅकलच्या टेस्ट सर्व्हरवरच डीकोडचं केस करा, एनव्हीएलचं कोॲलेस करा, अधिक-चिन्हाचे जॉइन लेफ्ट जॉइन करा. डेटाबेस तोच, डेटा तोच, त्यामुळे जुनं आणि नवं उत्तर लगेच शेजारी ठेवून तपासता येतं. फरक पडला तर तो तुमच्या लिहिण्यातला, डेटाबेसचा नव्हे, हे तिथेच कळतं. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठला, ते शोधताना रात्री जातात.

यात दोन ठिकाणी जपा. डीकोड नल आणि नल यांना सारखं मानतो, केस मानत नाही. त्यामुळे नलशी तुलना असेल तिथे 'इज नल' अशी अट स्वतंत्र लिहावी लागते. दुसरं ठिकाण जॉइनचं. सभासदांच्या यादीत वारसदार जोडताना 'वारसदार सज्ञान आहे' या अटीपुढे अधिक-चिन्ह असेल, तर ती अट ऑनमध्ये (टेबलं जोडण्याच्या अटीत) जाते. चिन्ह नसेल तर व्हेअरमध्येच (ओळी गाळण्याच्या अटीत) राहते. ऑनमधली अट चुकून व्हेअरमध्ये गेली, की वारसदार नसलेले सभासद यादीतून गळतात आणि एररही येत नाही.

पायरी ३: कॉलमचे प्रकार ठरवा, साधनावर सोडू नका

ओरॅकलच्या नंबर प्रकाराचे सगळे कॉलम पोस्टग्रेसमध्ये न्यूमरिक (अचूक दशांश) केले तर काही बिघडत नाही, फक्त मोठ्या टेबलांवर वेग थोडा कमी होतो. वेगासाठी खाते क्रमांक आणि आयडी बिगइंट (मोठा पूर्णांक) करावेत. रक्कम, दर, वजन, टक्के न्यूमरिकच ठेवा. पैशाला डबल प्रिसिजन (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) कधीही लावू नका. न्यूमरिकमध्ये अर्ध्याचं राउंडिंग शून्यापासून दूर होतं, डबल प्रिसिजनमध्ये ते बहुधा सम अंकाकडे होतं.

आता या पूर्णांकांमध्येच एक खोल खड्डा आहे. पंधरा महिन्यांची मुदत ठेव घ्या: १,००,००० रुपये, ८ टक्के सरळ व्याज. जुन्या कोडमध्ये महिने भागिले १२ करून वर्षं काढली आहेत. ओरॅकलमध्ये १५ भागिले १२ म्हणजे १.२५, व्याज १०,००० रुपये. महिन्यांचा कॉलम पूर्णांकी असल्याने साधनाने तो इंटिजर करून दिला, तर पोस्टग्रेसमध्ये १५ भागिले १२ बरोबर १. व्याज ८,००० रुपये. एरर नाही, इशारा नाही. ठेवीदाराचे २,००० रुपये गेले. कोडमधला प्रत्येक भागाकार शोधून काढा आणि दोन्ही बाजूंना पूर्णांक असतील तिथे एक बाजू न्यूमरिक करा. हे काम डोळ्यांनीच करायचं आहे.

तारखांचंही तसंच. ओरॅकलच्या डेटमध्ये तास, मिनिटं, सेकंद असतात; पोस्टग्रेसच्या डेटमध्ये फक्त दिवस असतो. नाव सारखं दिसलं म्हणून डेटचं डेट केलं, की सकाळी भरलेली आणि दुपारी काढलेली रक्कम यांतला क्रम पुसला जातो आणि रोजकीर्दीत शिल्लक मध्येच उणे दिसू लागते. जन्मतारीख, मुदतपूर्तीची तारीख डेट. व्यवहाराची वेळ टाइमस्टँप. प्रत्येक कॉलमचा निर्णय स्वतंत्र घ्या आणि तो लिहून ठेवा.

पायरी ४: नावं, लिपी आणि अकारविल्हे

मराठी-कोंकणी डेटा असेल तर ओरॅकलमधली लांबी तपासा. व्हारचार-टू मध्ये दिलेला आकडा नेहमीच्या मांडणीत बाइटचा असतो, पोस्टग्रेसच्या व्हारचारमध्ये तो अक्षरचिन्हांचा असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. 'गोविंद' या नावात काना-मात्रा धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. ओरॅकलवरून येताना त्यामुळे डेटा कापला जात नाही, उलट जागा वाढते. पण जुन्या ३० बाइटच्या कॉलममध्ये कित्येक लांब नावं आधीच तोडून भरलेली असतात. ती ओळखून संस्थेला यादी देण्याची हीच वेळ.

याहून जुना डेटा युनिकोडमध्ये नसतोच. श्रीलिपीसारख्या फाँटांच्या काळात भरलेलं मराठी डेटाबेसमध्ये रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी म्हणून साठलेलं असतं. कॅरॅक्टर सेट बदलून ते मराठी होत नाही. त्या त्या फाँटचं रूपांतर करणारं साधन वापरावं लागतं. तो वेगळा प्रकल्प समजा आणि एसक्यूएलच्या कामात मिसळू नका. पोर्तुगीज वळणाच्या नावांत अक्षरावरची चिन्हं असतात, तीही लोड झाल्यावर डोळ्यांनी तपासा.

गोव्यातल्या सॉफ्टवेअरची परीक्षा रोमन लिपीत लिहिलेल्या डिसोझा, डिकॉस्टा, डिसिल्वा या आडनावांवर होते, कारण त्यांत मध्ये अपॉस्ट्रॉफी असते. क्वेरी जर मजकूर जोडून बनवलेली असेल, तर ती नेमकी इथे फुटते. अशा सगळ्या क्वेऱ्यांना या निमित्ताने बाइंड व्हेरिएबल द्या, म्हणजे किंमत क्वेरीच्या मजकुरात न चिकटवता वेगळी पाठवा. घुसखोरीचा धोकाही त्याने जातो.

क्रमवारीत फरक पडतो तो गुपचूप. ओरॅकलमध्ये बायनरी क्रम (अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांप्रमाणे) चालू असेल, तर रोमनमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल असलेला 'देसाई' हा पहिलंच अक्षर कॅपिटल असलेल्या 'दाभोळकर'च्या आधी येतो. पोस्टग्रेसमध्ये इंग्रजी कोलेशन (क्रम लावण्याचे नियम) असेल तर उलट. सभासद नोंदवहीचा क्रम आणि पानांचे क्रमांक जुळेनासे होतात. जुनाच क्रम हवा असेल तर सी कोलेशन घ्या, देवनागरी नावांची नीट अकारविल्हे हवी असेल तर आयसीयू या भाषानिहाय क्रम जाणणाऱ्या लायब्ररीचं. संस्थेच्या सचिवांना विचारून ठरवा.

पायरी ५: रिकामी जागा आणि नल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच. पोस्टग्रेसला त्या दोन वेगळ्या गोष्टी. यातून तीन प्रकारची दुखणी निघतात.

पहिलं, नाव जोडणं. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव दोन उभ्या रेघांनी जोडलं आहे आणि वडिलांचं नाव नल आहे. ओरॅकल उरलेली दोन जोडून देतो. पोस्टग्रेस पूर्ण नावच नल करतो आणि पासबुकावर नावाची ओळ कोरी छापली जाते. इथे कॉन्कॅट-डब्ल्यूएस वापरा. तो नल गाळतो आणि मधली जास्तीची स्पेसही टाळतो.

दुसरं, सक्तीचे कॉलम. पॅन क्रमांकाला नॉट नल लावलं आहे. फॉर्ममधून रिकामा मजकूर आला तर ओरॅकल तो नाकारायचा. पोस्टग्रेस बिनतक्रार घेतो, कारण रिकामी स्ट्रिंग नल नाही. अशा प्रत्येक कॉलमला लांबी शून्याहून जास्त असण्याची चेक अट जोडा.

तिसरं, 'इज नल' लावलेल्या अटी. मोबाइल नंबर नसलेले सभासद शोधणारी क्वेरी नव्याने भरलेल्या रिकाम्या नोंदी पकडणार नाही. ॲप्लिकेशनमध्ये सगळा डेटा जिथून खाली जातो अशा एकाच जागी रिकाम्या मजकुराचं नल करून टाका. शंभर क्वेऱ्यांत दुहेरी अटी लिहीत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. मग मजकुराच्या प्रत्येक कॉलममध्ये रिकाम्या स्ट्रिंगची संख्या शून्य आहे ना, हे रोज तपासणारी एक क्वेरी लावून ठेवा.

पायरी ६: तारखांचं गणित आणि घड्याळ

कर्जाचा हप्ता २८ फेब्रुवारी २०२५ ला आहे. पुढचा हप्ता कधी? ओरॅकलचं ॲड-मंथ्स म्हणतं, ३१ मार्च. दिलेली तारीख महिन्याची शेवटची असेल तर उत्तरही शेवटचीच तारीख देण्याचा त्याचा नियम आहे. पोस्टग्रेसमध्ये एक महिन्याचा इंटरव्हल मिळवला तर येतं २८ मार्च. सभासद तीन दिवस आधीच थकबाकीदार ठरतो आणि दंडव्याज लागतं. संस्थेच्या कर्ज करारात काय नियम आहे तो लिखित घ्या आणि त्याप्रमाणे स्वतःचं एक फंक्शन बनवा. ओराफ्से या एक्स्टेन्शनमध्ये ओरॅकलच्या धाटणीची बरीच फंक्शनं तयार मिळतात. वापरलंत तरी महिनाअखेरीच्या तारखा घालून तपासाच.

ओरॅकलमध्ये आत्ताची वेळ देणाऱ्या सिसडेटच्या जागी नाऊ टाकण्याआधी एक लक्षात घ्या: पोस्टग्रेसचं नाऊ ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणाऱ्या विधानांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं आणि ती शेवटपर्यंत तीच राहते. लांब चालणाऱ्या डे-एंडमध्ये प्रत्येक नोंदीची खरी वेळ हवी असेल तर क्लॉक-टाइमस्टँप घ्या.

टाइमझोन तर सर्व्हर लावतानाच ठरवा. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, आपण ५ तास ३० मिनिटं पुढे. डेटाबेसचा टाइमझोन आशिया-कोलकाता केला नाही, तर रात्री साडेबाराला चालणाऱ्या डे-एंडला आजची तारीख कालची दिसते.

पायरी ७: प्रोसिजर

प्रोसिजर लिहायच्या भाषा, ओरॅकलची पीएल-एसक्यूएल आणि पोस्टग्रेसची पीएल-पीजीएसक्यूएल, दिसायला सख्खी भावंडं, वागायला मात्र वेगळी.

क्वेरीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेणारं सिलेक्ट इन्टू हे त्यातलं मुख्य. व्याजदराच्या तक्त्यात एखाद्या मुदतीचा दरच नाही असं समजा. ओरॅकल 'नो डेटा फाउंड'चा अपवाद फेकतो, कोड तो पकडून लॉगमध्ये लिहितो आणि सकाळी कुणीतरी बघतं. पोस्टग्रेसमध्ये तेच विधान दराला नल देऊन पुढे जातं. व्याज नल. एकूण व्याजाची बेरीज करताना सम नल वगळतो, म्हणून बेरजेत काही खटकतही नाही. फक्त त्या खात्याला व्याज मिळत नाही. एकाऐवजी दोन दर सापडले तर त्यांतला कुठला तरी एक गुपचूप उचलला जातो. उपाय एका शब्दाचा आहे: इन्टूच्या पुढे स्ट्रिक्ट. प्रत्येक ठिकाणी लावा आणि मगच कुठे नको ते ठरवा.

ट्रान्झॅक्शनची वागणूकही वेगळी. ओरॅकलमध्ये एक विधान फसलं तर तेवढंच मागे जातं. पोस्टग्रेसमध्ये पूर्ण ट्रान्झॅक्शन अडकतं आणि रोलबॅकपर्यंत पुढचं एकही विधान चालत नाही. पिग्मी एजंटच्या मशिनमधून आलेल्या नोंदी भरताना एखादी दुबार असली की सगळा दिवस अडतो. तिथे ऑन कॉन्फ्लिक्ट वापरा किंवा सेव्हपॉइंट ठेवा. निदान हे आवाज करून सांगतं.

पॅकेज (एकत्र बांधलेल्या प्रोसिजर) पोस्टग्रेसमध्ये नाहीत. एका पॅकेजला एक स्कीमा, अशी वाटणी बरी पडते. पदानुक्रमाच्या कनेक्ट बाय क्वेऱ्या (तालुका, पंचायत, प्रभाग) विथ रिकर्सिव्हने लिहा. मायनसचं एक्सेप्ट होतं, ड्युअल लागत नाही. ठरावीक ओळीच घेण्यासाठी वापरलेल्या रोनमचं (ओळीचा क्रमांक) लिमिट करताना मात्र थांबा: एकाच क्वेरीत रोनमची अट आणि ऑर्डर बाय असेल, तर ओरॅकल आधी कुठल्याही दहा ओळी उचलतो आणि मग त्या लावतो. लिमिट आधी क्रम लावतो. 'सर्वांत मोठे दहा थकबाकीदार' हा रिपोर्ट इतकी वर्षं चुकीचा होता, हे असंच उघड होतं. तसं दिसलं तर संस्थेला सांगूनच बदला.

पायरी ८: डेटा भरणं

क्रम असा: टेबलं, मग डेटा, मग इंडेक्स, शेवटी फॉरेन की. सगळं भरून झाल्यावर प्रत्येक सीक्वेन्स (नव्या नोंदीला पुढचा क्रमांक देणारा मोजक) त्या टेबलातल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढे न्या. विसरलात तर पहिलीच नवी पावती प्रायमरी कीवर आपटते. मग ॲनलाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवा. ते न करता वेग मोजून पोस्टग्रेसला नावं ठेवू नका.

पायरी ९: उत्तरं जुळवा

मागच्या वर्षीच्या ३० मार्चचा बॅकअप घ्या आणि तोच डेटा दोन्हीकडे भरा. दोन्हीकडे ३१ मार्चचं डे-एंड, व्याज आकारणी, लाभांश, सगळं चालवा. मग तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे शिलकांची एकत्र बेरीज) जुळवा, पण तिथे थांबू नका. एका खात्यात दोनशे जास्त आणि दुसऱ्यात दोनशे कमी पडले तरी तेरीज जुळते. प्रत्येक खात्याची शिल्लक, व्याज आणि पुढची हप्त्याची तारीख दोन्हीकडून फाइलमध्ये काढा, खाते क्रमांकाने लावा आणि ओळीला ओळ भिडवा. तारखांचा साचा एकच ठेवा, रकमा दोन दशांशांपर्यंत छापा आणि नलच्या जागी ठळक शब्द छापा, म्हणजे तो रिकाम्या जागेत लपणार नाही.

खऱ्या डेटात नसतील अशी खाती मुद्दाम तयार करा: वडिलांचं नाव नसलेला सभासद, अपॉस्ट्रॉफीचं आडनाव, पंधरा महिन्यांची ठेव, २८ फेब्रुवारीचा हप्ता, दर नसलेली मुदत, वारसदार नसलेलं खातं. प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर आधी हाताने काढून लिहून ठेवा. फरक सापडला की दुरुस्त करा आणि पूर्ण फेरी पुन्हा चालवा; दुरुस्त केलेल्या खात्यापुरती नव्हे.

पायरी १०: बदलाचा दिवस

मार्च टाळा. चवथीचा आठवडाही टाळा. शाखा बंद असते हे सोयीचं वाटतं, पण आकडे बघून 'बरोबर' म्हणणारं माणूस गावच्या घरी गेलेलं असतं. पावसाळ्यात करणार असाल तर सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी आधी तपासा; डेटा भरताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारचं डे-एंड झालं की ओरॅकल फक्त वाचण्यापुरता ठेवा आणि मगच शेवटचा डेटा हलवा. परत फिरायचं असेल तर तो निर्णय रविवारी किती वाजेपर्यंत घ्यायचा, हे आधीच कागदावर लिहा आणि अध्यक्षांची त्यावर सही घ्या. सोमवारी पिग्मीच्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये पडायला लागल्या, की मागे जाणं म्हणजे त्या सगळ्या हाताने पुन्हा भरणं.

पहिला आठवडा मंद चालणाऱ्या क्वेऱ्यांची यादी रोज काढा. बहुतेक वेळा फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स नसल्याचं निघतं, कारण पोस्टग्रेस तो आपोआप बनवत नाही. जुना ओरॅकल, परवाना असेतोवर, पुढच्या ३१ मार्चचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत जागेवर राहू द्या. ऑडिटर मागच्या वर्षाचं व्हाउचर मागतात, तेव्हा दोन्हीकडचा आकडा शेजारी ठेवून दाखवता आला पाहिजे.